अठराच्या आतलं पोरगं आणि चालू यंत्र : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे पेपर संपले की शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर आणि तिकडे इचलकरंजीत नवी पोरं कामाला येऊ लागतात. कुणी गल्लीतल्या मिस्त्रीच्या ओळखीनं येतं, कुणी मामाच्या वर्कशॉपमध्ये, तर कुणी हंगामात गुऱ्हाळावर. मी यंत्रशाळेत मुलांना शिकवतो. त्यामुळे आईवडील, मालक आणि मुलं सगळेच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बोटं नेमकी तिथेच जातात.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला कारखान्यात लावता येईल का?

काम कोणतं आहे यावर ते ठरतं. बाल व किशोरवयीन कामगारांबाबतचा कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कुठेच कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, बिनधोक्याच्या कामात मदत करणं आणि बालकलाकाराचं काम, एवढेच अपवाद आहेत. १४ पूर्ण झालेला पण १८ पूर्ण न झालेला मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या भाषेत किशोरवयीन. त्यांना काम करता येतं, पण धोकादायक व्यवसायात आणि प्रक्रियेत नाही. खाणी, ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थ, आणि कारखाने कायद्यानं धोकादायक ठरवलेल्या प्रक्रिया, असे त्या बंदीचे तीन मुख्य गट आहेत. तपशीलवार यादी २०१७ मध्ये नव्यानं आली.

म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा स्टोअरमध्ये माल मोजू शकतो, पॅकिंग करू शकतो, दुकानात बसू शकतो. तो फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथे, उभा राहू शकत नाही.

फाउंड्रीत तो नुसता कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) उचलून ठेवतो. भट्टीजवळ जातच नाही. मग काय हरकत?

हरकत आहे, आणि कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याला धोकादायक प्रक्रियांची एक अनुसूची जोडलेली होती. तिच्यात लोखंडाच्या आणि इतर धातूंच्या फाउंड्रींचं नाव आहे. ओतकाम, फोर्जिंग, वाळूच्या किंवा शॉटच्या (धातूच्या बारीक छऱ्यांच्या) माऱ्यानं कास्टिंग साफ करणं, हे सगळं त्यात येतं. धातूचं ग्राइंडिंग वेगळं नोंदवलेलं आहे, त्यामुळे फेटलिंगचं, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासून साफ करायचं काम दोन्हीकडून बंद. इलेक्ट्रोप्लेटिंगही यादीत आहे. हुपरीच्या चांदीकामात पोराला मुलामा चढवायला बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भट्टीपासून लांब उभा आहे, एवढ्यानं धोका लांब जात नाही. वितळलेलं लोखंड साधारण चौदाशे अंश सेल्सियसच्या आसपास ओतलं जातं. साच्यात किंवा लाडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) ओल राहिली तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा मागते. मग रस उडतो, आणि कोण कुठे उभं आहे ते तो बघत नाही. दुसरा धोका दिसतही नाही. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि त्रास कित्येक वर्षांनी सुरू होतो. सोळाव्या वर्षी सुरुवात केलेल्या पोराला पुढं आयुष्यही मोठं आहे आणि धूळ खायचा काळही.

"कामाला नाही हो, शिकायला ठेवलाय." असं असेल तर?

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकतो. कायद्याला मात्र ते ऐकू येत नाही. शिकायला ठेवायची रीत ठरलेली आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा वयाची किमान अट १४ ठेवतो आणि धोकादायक उद्योगांशी निगडित ट्रेडसाठी ती १८ करतो. मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो. उमेदवार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तर सही पालकाची लागते. करार नोंदवला जातो आणि विद्यावेतन ठरलेलं असतं. यातलं काहीही नसताना मुलगा सकाळी येतो, झाडलोट करतो, नग काढतो आणि शनिवारी हातात पैसे घेऊन जातो, तर तो कामगारच आहे.

उस्तादाच्या हाताखाली शिकण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. उद्यमनगरातले कित्येक नावाजलेले कारागीर तसेच तयार झाले, आणि त्या कलेचा मला मनापासून आदर आहे. पण याच गल्ल्यांत दीड बोटाचे, अडीच बोटांचे हातही दिसतात. तेही त्याच शिकण्यात झाले.

कामाचे तास किती?

सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. त्यानंतर किमान एक तास विश्रांती. ती विश्रांती आणि काम मिळण्याची वाट बघण्यातला वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास. ओव्हरटाइम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. सकाळी एका शॉपमध्ये आणि दुपारी दुसऱ्या, असं चालत नाही.

इचलकरंजीत मागावर रात्रपाळी केली तर?

संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत किशोरवयीनाला कामाला लावता येत नाही. माग घरचा असला तरी मुलाला बारा तासांच्या पाळीवर उभं करता येणार नाही. झोपाळलेल्या डोळ्यांनी धोटा आणि पट्टा सांभाळायचं काम जाणत्या माणसालाही जड जातं.

नवीन कामगार संहिता आल्या. आता जुने नियम गेले का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेनं घेतली. पण १९८६ चा बाल व किशोरवयीन कामगार कायदा त्यांत विलीन झालेला नाही. तो स्वतंत्र उभा आहे, त्यामुळे वयाची बंदी, तास आणि शिक्षा जागच्या जागी आहेत. नव्या संहितेला जोडलेल्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीतही फाउंड्री आहेच. खाली काही ठिकाणी मी जुन्या कारखाने कायद्यातल्या तरतुदी सांगतो. शॉप फ्लोअरवरची शहाणपणाची रीत त्यांनीच घालून दिली आणि आजही तीच पाळायची आहे.

कोणत्या यंत्रावर पोराला अजिबात उभं करू नये?

पहिलं नाव पॉवर प्रेसचं. पत्रा कापणारी किंवा वाकवणारी प्रेस जुन्या पद्धतीच्या चावी-क्लचची असेल, तर एकदा पेडल दाबलं की रॅम (वरून ठोका मारणारा भाग) पूर्ण खाली जाऊन वर येईपर्यंत थांबत नाही. पाय काढला तरी नाही. शिवाय क्लचची स्प्रिंग किंवा चावी झिजली की प्रेस कधीकधी न दाबताच दुसरा ठोका मारते. याला मिस्त्री लोक रिपीट मारणं म्हणतात. पहिला ठोका झाला म्हणून पोरगं नग काढायला हात घालतं आणि दुसरा ठोका त्याच्या हातावर येतो. त्यात पोराची चूक काहीच नसते. म्हणून प्रेसला डायभोवती, म्हणजे ठोका बसतो त्या साच्याभोवती, बंदिस्त गार्ड हवं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणारी व्यवस्था हवी, पेडलवर झाकण हवं आणि नग चिमट्यानं किंवा चुंबकानं काढायची सवय हवी. रिपीट मारणारी प्रेस त्याच क्षणी बंद करायची. "संध्याकाळी बघू" असं म्हणायचं नाही.

कारखाना नियमांत अल्पवयीनांसाठी धोक्याच्या यंत्रांची वेगळी नोंद होती. प्रेस, धातूकामातलं मिलिंग, गिलोटिन, गोल करवत आणि प्लेटन छपाईयंत्र ही त्यातली नावं. अशा यंत्राचे धोके आणि घ्यायची काळजी पूर्ण समजावून सांगितल्याशिवाय, आणि पुरेसं प्रशिक्षण किंवा जाणकार माणसाची देखरेख असल्याशिवाय, अठराच्या आतल्या कुणाला त्यावर उभं करायचं नाही, असं कलम २३ सांगत होतं. देखरेख म्हणजे मिस्त्री शेजारी उभा. मिस्त्री चहाला आणि पोरगं यंत्रावर, ही देखरेख नव्हे.

ग्राइंडरबद्दल थोडं. चाक आणि नग टेकवायचं टेकण यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली की नग त्या फटीत ओढला जातो, चाक फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. नवीन चाक बसवण्याआधी ते लाकडी मुठीनं हलकं वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं, बद्द आला तर तडा. चाकावर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगाहून कमी असेल तर ते चाक बसवायचंच नाही. बसवल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहून रिकामं फिरवायचं. आणि चष्मा. चष्मा नाही तर ग्राइंडर नाही.

लक्ष देऊन काम केलं तर काही होत नाही, असं मिस्त्री म्हणतात. ते खरं आहे का?

मिस्त्रींचा अनुभव मोठा असतो, पण या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. हिशोब करून बघा. लेथ मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरतेय. म्हणजे सेकंदाला १० फेरे. काहीतरी चुकलं हे डोळ्यांना दिसून हात मागं यायला चपळ माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चक, म्हणजे कामाचा तुकडा (जॉब) पकडून फिरणारा भाग, अडीच वेळा फिरून झालेला असतो. जॉब १०० मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्या पाव सेकंदात त्याच्यावर पाऊण मीटरपेक्षा जास्त कापड गुंडाळलं जाऊ शकतं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात तेवढा लांब नसतो. बाही अडकली हे कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

त्यामुळे "लक्ष दे रे" ही सूचना सुरक्षा होऊ शकत नाही. लक्ष प्रत्येकाचंच सुटतं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं तर सुटणारच. घरात काहीतरी झालेलं असतं, रात्री झोप झालेली नसते, मागून कुणीतरी हाक मारतं. यंत्राची मांडणी अशी हवी की लक्ष सुटलं तरी हात आत जाऊ शकणार नाही. झाकण, अडथळा, दोन बटणं, हाताशी असलेला थांबवायचा स्विच, हे मालकानं आधी करून ठेवायचं. पोराच्या सावधपणावर यंत्र चालवायचं नाही.

गार्ड लावलं की उत्पादन निम्म्यावर येतं. आम्ही करायचं काय?

हा प्रश्न मालकांचा, आणि तो खोटा नाही. वाईट पद्धतीनं बनवलेलं गार्ड खरोखरच आडवं येतं. नग दिसत नाही, स्क्रॅप अडकतं, दर दहा नगांनी काढावं लागतं. मग कुणीतरी ते काढून कोपऱ्यात ठेवतो आणि ते तिथेच राहतं. यावर उपाय म्हणजे गार्ड नव्यानं बनवणं. पारदर्शक पॉलिकार्बोनेट लावा, स्क्रॅप पडायला खालून वाट द्या, नग सरकवायला लांब चॅनल करा म्हणजे हात आत न्यावाच लागणार नाही. ज्या गावानं डिझेल इंजिनं स्वतः घडवली, ज्या उद्यमनगरात कुठलाही पार्ट बघून दुसऱ्या दिवशी तयार मिळतो, तिथे एक बरं गार्ड बनत नाही हे मला पटत नाही. यंत्रावर रोज काम करणाऱ्याला विचारून बनवलं तर ते टिकतंही.

ड्रिलवर आणि लेथवर हातमोजे घालावेत ना?

घालू नयेत. आई प्रेमानं पोराच्या पिशवीत हातमोजे टाकते, म्हणून हे स्पष्ट सांगतो. फिरणाऱ्या ड्रिलला किंवा जॉबला मोज्याचं टोक लागलं की बोटासकट हात ओढला जातो. कातडीला ओरखडा येऊन हात सुटला असता, तिथे मोजा सोडत नाही. गरम नग उचलताना आणि धारदार पत्रा हाताळताना मोजे हवेत. यंत्र फिरत असताना हात उघडे.

याच कारणानं कडं, गंडा, मनगटातला धागा, अंगठी, गळ्यातली चेन, सैल बाही, खांद्यावरचा टॉवेल, मुलींची ओढणी आणि मोकळी वेणी, हे सगळं यंत्रापाशी जाण्याआधी काढायचं किंवा घट्ट बांधायचं. देवाचा धागा काढायला मुलं कचरतात. तो खिशात ठेवला तरी देव रागावत नाही. कानात मोबाइलची गाणी नकोत. यंत्राचा बदललेला आवाज ही पहिली सूचना असते आणि ती ऐकू आली पाहिजे. पायात चप्पल नको, कोल्हापुरी तर नकोच. टोकाला पोलाद असलेला बूट हवा.

यंत्र चालू असताना पुसणं, तेल घालणं हे तर पोराचंच काम असतं. त्यात काय धोका?

बोटं जाण्याची मोठी जागा हीच. म्हातारा मिस्त्री यंत्र चालवतो आणि पोरगं खाली वाकून फडक्यानं गिअर पुसतं, हे चित्र अनेक शॉपमध्ये नेहमीचं आहे. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम २२ नं यावर सरळ बंदी घातली होती. चालू इंजिन-मोटर आणि त्यांची शक्ती पोचवणारे पट्टे, पुल्या, शाफ्ट यांचा कोणताही भाग अठराच्या आतल्यानं साफ करायचा नाही, त्याला तेल घालायचं नाही, त्याचं सेटिंगही करायचं नाही.

साफसफाईची खरी रीत वेगळी आहे. आधी स्टॉप, मग मेन स्विच बंद. स्विचला कुलूप लावायची सोय असेल तर कुलूप लावायचं आणि किल्ली जो साफ करतोय त्याच्याच खिशात. कुलूप नसेल तर फ्यूज काढून जवळ ठेवायचा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लावायची. मग स्टार्ट बटण दाबून बघायचं की यंत्र खरंच मेलंय. फ्लायव्हील असेल तर ते पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, कारण वीज गेल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. प्रेसमध्ये हात घालायचा असेल तर रॅमखाली ठोकळा. भारनियमनात वीज गेली म्हणून यंत्रात हात घालणं सगळ्यांत वाईट. वीज परत येताना सांगून येत नाही.

काम संपल्यावर एअर गननं कपडे झटकले तर चालतं ना?

चालत नाही. कॉम्प्रेसरची हवा कातडीवरच्या छोट्या जखमेतून आत शिरू शकते, डोळ्यात चिप उडवते, कानाचा पडदा फाडू शकते. गंमत म्हणून एकमेकांच्या अंगावर एअर गन धरणं जिवावर बेतू शकतं. ब्रश वापरा.

आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. घरच्या पोरानं चरकात ऊस घातला तर कायद्याचा काय संबंध?

संबंध आहे. या कायद्यात आस्थापनेच्या व्याख्येत कारखान्याबरोबर दुकान, वर्कशॉप आणि शेतही येतं. चौदाखालच्या मुलाला घरच्या कामात मदत करायची मोकळीक आहे, आणि घरच्यांत आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी एवढे मोजले जातात. पण ती मोकळीक शाळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोका नसलेल्या कामापुरतीच. चरक हे बिनधोक्याचं काम आहे असं कोल्हापूर जिल्ह्यात कुणीही म्हणणार नाही.

चरकातला अपघात कसा होतो तेही सांगतो, म्हणजे उपायही कळेल. ऊस लांब असतो तोवर हात रुळापासून लांब राहतो. शेवटचं टोक राहिलं की पोरगं ते हातानं ढकलतं, किंवा अडकलेलं चिपाड ओढायला जातं. दोन रूळ आत ओढण्यासाठीच बनवलेले असतात, त्यांना ऊस आणि बोट यातला फरक कळत नाही. ऊस घालायचं तोंड हातभर लांब आणि वरून बंद केलं की हात रुळापर्यंत पोचतच नाही. शेवटचं टोक ढकलायला दुसरा ऊस वापरायचा. थांबवायचा स्विच ऊस घालणाऱ्याच्या हाताशी हवा, पलीकडच्या भिंतीवर नको. गुऱ्हाळात पहाटेपासून काम चालतं आणि चुलवाणाशेजारी, उकळत्या काहिलीच्या कडेला झोपेतली पोरं वावरतात. गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवायचं काम मोठ्या माणसानंच करायचं.

घरोघरच्या कडबा कुट्टीलाही हेच लागू. वैरण घालायची घसरण लांब आणि झाकलेली असू द्या. काम नसताना चाकाला खिळ घालून ठेवा, म्हणजे खेळणारं लहान मूल ते फिरवू शकणार नाही. ही खिळ काही रुपयांची असते. कृपा करून आजच घाला.

कामाला लागण्याआधी डॉक्टरी तपासणी लागते का? खर्च कुणाचा?

कारखान्यात अल्पवयीनाला घ्यायचं तर प्रमाणित शल्यचिकित्सकाचा (सरकारनं नेमलेल्या डॉक्टरांचा) तंदुरुस्तीचा दाखला, अशी जुन्या कारखाने कायद्याची रीत होती. दाखल्याची मुदत १२ महिने, आणि शुल्क मालकानं भरायचं, पोराच्या पगारातून कापायचं नाही. वयाबद्दल वाद झाला तर तोही वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यानं सुटतो. शाळा सोडल्याचा दाखला नीट जपून ठेवा.

मी सतरा वर्षांचा आहे. मालकानं प्रेसवर बसायला सांगितलं. नाही कसं म्हणू? काम जाईल.

तुझी भीती खरी आहे. घरी पैसे द्यायचे आहेत, आणि ज्यांनी काम लावून दिलं त्या काकांचा शब्दही राखायचा आहे. तरीही नाही म्हण. भांडू नकोस, मालकापाशी जा आणि साधं सांग : "शेठ, मला अठरा झालेली नाहीत. ह्या मशिनला गार्ड नाही. पॅकिंगला, स्टोअरला काय बी सांगा, करतो." बहुतेक मालक इथेच थांबतात, कारण कायदा त्यांनाही ठाऊक असतो. ऐकलं नाही तर घरी सांग, त्याच दिवशी. तुझ्या हातात कसब येणार आहे, ते यायला पुढं भरपूर वर्षं आहेत. कळंब्याच्या आयटीआयमध्ये हेच लेथ, हेच मिलिंग नीट, गार्डसकट आणि शिक्षक शेजारी उभा असताना शिकता येतं. तिथून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला शिरोलीत कामाची वाट बघावी लागत नाही असं नाही, पण तो दहाही बोटं घेऊन दारात उभा राहतो.

तक्रार कुठे करायची? पोराला किंवा आम्हालाच शिक्षा होईल का?

मूल धोक्यात असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो मुलांसाठीच आहे आणि फुकट आहे. केंद्राच्या बालकामगारांसाठीच्या 'पेन्सिल' (PENCIL) या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आणि कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दोन्हींकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शिक्षा मालकाला होते. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तेच केलं तर एक ते तीन वर्षं कैद. मुलाला शिक्षा नाही. आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. पुन्हा पाठवलं तर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाचा दंड मुलाच्या पुनर्वसनाच्या निधीत जातो आणि सरकार त्यात प्रत्येक मुलामागं १५ हजार रुपये घालतं.

घरची ओढाताण असते, हे मान्यच. पण याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हाही घरोघरी ओढाताणच होती.

बोट तुटलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

यंत्र बंद. हात अडकला असेल तर ओढू नका. यंत्र उलटं फिरवायचं की खोलायचं हे जाणकारानं ठरवायचं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चहापूड, डिझेल, माती काही लावू नका. १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट शोधा. ते स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून खराब होतं आणि जोडता येत नाही. पिशवी जखमी मुलाबरोबरच पाठवा. हे कागदावर लिहून प्रत्येक शॉपच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

मालक म्हणतात, "कागद करू नका, दवाखान्याचा खर्च मी देतो, वर चाळीस हजार देतो." घ्यावं का?

आधी हिशोब करा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेलं आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही राहिलेलं सूत्र असं : पूर्ण कायमच्या अपंगत्वाला मासिक पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकानं गुणायचं. सोळा वर्षांपर्यंतचा गुणक २२८.५४ आहे. पगार १० हजार धरला तर ६,००० गुणिले २२८.५४ म्हणजे १३,७१,२४० रुपये. अंगठा पूर्ण गेला तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे चार लाख अकरा हजारांच्या वर. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. उपचाराचा खर्च याशिवाय, आणि तोही मालकाचाच. कारखाना राज्य कामगार विम्याखाली असेल तर उपचार आणि अपंगत्वाची रक्कम विमा महामंडळ देतं. मग भरपाईचा दावा मालकावर नसतो.

मुलाला कायदा मोडून कामाला ठेवलं होतं म्हणून त्याचा हक्क जात नाही. गुणकांच्या तक्त्याची पहिलीच ओळ सोळा वर्षांपर्यंतच्या कामगाराची आहे.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे, माहीत असलेलं गार्ड कामगारानं मुद्दाम काढलं असं मालक सिद्ध करू शकला, तर मृत्यू आणि पूर्ण अपंगत्व सोडून इतर भरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणून त्याच दिवशी यंत्राचे फोटो काढा आणि गार्ड मुळात होतं का हे सांगू शकणाऱ्या सोबतच्या कामगारांची नावं लिहून ठेवा. दवाखान्यात केसपेपरवर "घरी पडला" असं लिहू देऊ नका. यंत्रावरचा अपघात असं लिहायला सांगा. दुसरी म्हणजे, अज्ञान मुलाची एकरकमी भरपाई मालकानं परस्पर हातात द्यायची नसते, ती भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेले चाळीस हजार म्हणजे भरपाई चुकती झाली असं कायदा धरत नाही. कोऱ्या कागदावर आणि स्टॅम्पपेपरवर सही करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील फुकट मिळतो. कागद घेऊन आधी तिथे जा.